खोटं स्टेशन

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्तीला येतो, तेव्हा त्याच्याबरोबर एक वाक्य बहुतेक वेळा येतंच : "लागतो, पण पूर्वीसारखा लागत नाही." मालक साठी-सत्तरीचे असतात. त्यांना 'आपली आवड' आठवत असते, बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर लागणारी 'बिनाका गीतमाला' आठवत असते, आणि ती घराच्या कोणत्या कोपऱ्यात बसून ऐकली तेही. त्यामुळे तक्रारीतला निम्मा भाग आठवणींचा असेल, असं धरून आपण मान डोलावतो. पण ही तक्रार पुष्कळदा शब्दशः खरी असते. मेकॅनिकने व्हॉल्व्ह बदललेले असतात, गळके कंडेन्सर काढून नवे घातलेले असतात, आवाजही दणदणीत येत असतो. तरी एका स्टेशनवर दुसरं चढतं, लांबचं लागतच नाही, आणि सुई एका नावावर असताना भलतंच केंद्र बोलू लागतं.

अशा रेडिओतले भाग चांगले असतात, त्यांची आपसातली जुळणी गेलेली असते. मेकॅनिक तिला 'अलाइनमेंट' म्हणतात. बैठकीतल्या माणसाला हे चटकन कळेल : गायक उत्तम, तबलजी उत्तम, पण तंबोरा लावलेलाच नाही. रेडिओचा तंबोरा लावायला जे यंत्र लागतं, ते म्हणजे सिग्नल जनरेटर. रेडिओवर आपल्याकडे बरंच प्रेमाने लिहिलं गेलं आहे, या यंत्राबद्दल मात्र जवळजवळ काहीच नाही. ते दुकानाच्या मागच्या फळीवर असायचं आणि गिऱ्हाइकाला कधी दिसायचं नाही, हे त्याचं एक कारण असावं.

आधी रेडिओच्या पोटात काय चालतं ते पाहू. हवेत एकाच वेळी शेकडो लहरी असतात. त्यातली एक निवडायची, बाकीच्या बाहेर ठेवायच्या आणि निवडलेली लाखो पटींनी मोठी करायची, एवढंच रेडिओचं काम. सुरुवातीच्या रेडिओंत प्रत्येक टप्पा प्रत्येक स्टेशनसाठी वेगळा जुळवावा लागे. १९१८ मध्ये अमेरिकन सैन्यात असलेल्या एडविन आर्मस्ट्राँग यांनी पॅरिसमध्ये जी रचना सिद्ध केली, तिने हा जाच संपवला. तिचं नाव सुपरहेटेरोडाइन. आपल्या घरांतले मर्फी, फिलिप्स, बुश, एचएमव्ही हे सगळे याच जातीचे.

युक्ती साधी आहे. रेडिओ स्वतःच्या पोटात एक लहर तयार करतो, आणि ती बाहेरून आलेल्या लहरीपेक्षा नेहमी ठरावीक अंतराने वर ठेवतो. बऱ्याच संचांत हे अंतर ४५५ किलोहर्ट्झ असतं. ब्रिटिश घडणीच्या अनेक संचांत ४६५ किंवा ४७०. मुंबईचं १०४४ किलोहर्ट्झचं केंद्र लावलं की आतली लहर १४९९ होते. दोन्हींची वजाबाकी ४५५. पुण्याचं ७९२ लावलं की आतली लहर १२४७. वजाबाकी पुन्हा ४५५. म्हणजे स्टेशन कोणतंही असो, त्याला एकाच वेशात आणून पुढे पाठवायचं. पुढच्या टप्प्यांना मग एकच वेश ओळखावा लागतो, आणि एकच ओळखायचा असल्यामुळे ते काम फार बारकाईने करता येतं.

हे ओळखण्याचं काम दोन पत्र्याच्या डब्या करतात. प्रत्येकीत दोन कॉइली, प्रत्येक कॉइलीत वर-खाली फिरणारा एक छोटा गाभा. यांना आयएफटी म्हणतात. एकूण चार जुळण्या, तंबोऱ्याच्या चार तारांसारख्या. फरक इतकाच की इथे चारही तारा एकाच सुरात लागायला हव्यात. मध्यम लहरींवर दोन शेजारच्या स्टेशनांत फक्त ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं. चार कॉइलींपैकी दोन जरी चार-पाच किलोहर्ट्झने सरकल्या, तरी आवाज पडतो आणि शेजारी घरात शिरतो.

त्या सरकतात कशा? थोड्या वयाने, थोड्या दमट हवेने. पण सर्वांत मोठं कारण म्हणजे स्क्रूड्रायव्हर हातात असलेला सद्भावनेचा माणूस. डबीच्या भोकातून त्याला स्क्रूसारखं काहीतरी दिसतं, ते सैल वाटतं, आणि तो ते घट्ट करतो. माझ्याकडे आलेल्या जवळपास प्रत्येक तिसऱ्या संचात असा एखादा 'घट्ट केलेला' गाभा सापडतो. लोखंडी पात्याने पिळून तो मधोमध चिरलेला असला, तर डबी उघडण्यावाचून उपाय उरत नाही.

दुसरी जुळणी आणखी नाजूक. रेडिओच्या एकाच दांड्यावर दोन गँग बसवलेले असतात : एक बाहेरच्या लहरीसाठी, एक आतल्या. बाहेरच्याला ५३० पासून १६०० पर्यंत, म्हणजे तिपटीने जायचं असतं. आतल्याला ९८५ पासून २०५५ पर्यंत, म्हणजे जेमतेम दुपटीने. एका जोखडाला बांधलेले दोन बैल, पण पावलांची लांबी वेगळी. तरी दोघांमधलं अंतर पूर्ण पट्टीभर ४५५ च्या आसपास राहायला हवं. त्यासाठी आतल्या बाजूला 'पॅडर' आणि 'ट्रिमर' असे दोन छोटे कंडेन्सर असतात. पॅडर पट्टीच्या खालच्या टोकाला सांभाळतो, ट्रिमर वरच्या.

आता मुख्य प्रश्न. हे सगळं चालू स्टेशन ऐकत, कानाने का करू नये? बरेच मेकॅनिक करतच असत. पण त्यात एक अडचण अशी की ४५५ वर प्रसारणाचं एकही केंद्र नसतं. ती जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. आणि दुसरी अडचण खुद्द रेडिओच्या हुशारीची आहे. जवळचं केंद्र कर्कश आणि लांबचं क्षीण ऐकू येऊ नये म्हणून रेडिओ स्वतःची ताकद आपोआप कमी-जास्त करतो. या व्यवस्थेला एव्हीसी म्हणतात. तुम्ही गाभा योग्य दिशेला फिरवलात की सिग्नल वाढतो, लगेच एव्हीसी तो दाबते, आणि कानाला फरकच कळत नाही. जोरदार स्टेशनवर जुळणी करणं म्हणजे गुळाच्या ढेपेवर बसून चहात साखर पुरेशी आहे का ते चाखणं.

म्हणून हवा असतो इतका क्षीण सिग्नल, की एव्हीसी जागीच होऊ नये. तो हव्या त्या आकड्यावर मिळायला हवा, रात्री-दिवसा सारखाच राहायला हवा, आणि त्यावर निवेदकाच्या चढ-उताराऐवजी एकसुरी 'टूं' हवा. असं हुकमी, खोटं स्टेशन म्हणजे सिग्नल जनरेटर. त्याच्या आत एक लहर तयार करणारा व्हॉल्व्ह, पट्ट्या बदलणाऱ्या कॉइली, 'टूं'साठी ४०० किंवा १००० हर्ट्झचा दुसरा आंदोलक, आणि सिग्नल पायरीपायरीने क्षीण करणारी रोधकांची साखळी असते. या साखळीला अटेन्युएटर म्हणतात. माझ्या मते यंत्राचा जीव तिथे आहे, बाहेरून सगळ्यांत ऐटबाज दिसणाऱ्या डायलमध्ये नाही.

आपल्याकडे यांच्या दोन जाती दिसतात. एक प्रयोगशाळेची. मार्कोनीचा टीएफ १४४जी हा तिचा खानदानी प्रतिनिधी : ८५ किलोहर्ट्झ ते २५ मेगाहर्ट्झ, आणि सिग्नल एक मायक्रोव्होल्टपर्यंत, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागापर्यंत, मोजून खाली आणता येतो. दुसरी जात दुकानातली, 'सर्व्हिस ऑसिलेटर' म्हणून ओळखली जाणारी. जपानी लीडर कंपनीचे एलएसजी मालिकेतले हलके डबे या जातीत येतात. त्यातला एलएसजी १७ हा १०० किलोहर्ट्झपासून १५० मेगाहर्ट्झपर्यंत जातो. पण सिग्नल किती दिला हे आकड्यात सांगत नाही, नुसता 'कमी-जास्त' सांगतो. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांतून मोडीत निघालेली अशी यंत्रं पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपास अजून अधूनमधून मिळतात. विकणाऱ्याला ते व्होल्टमीटर वाटत असतं, हे घासाघीस करताना उपयोगी पडतं.

असं यंत्र घरी आणलं की पहिलं काम सुरक्षेचं. जुन्या डब्यांना दोनच तारांची वायर असते, आणि मेन्समधून येणारा गोंगाट अडवायला मेन्स व चॅसी यांच्यात कागदी कंडेन्सर टाकलेले असतात. ते साठ वर्षांनी गळू लागतात. डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात त्या यामुळे. ते काढून मेन्स आणि अर्थ यांमध्ये वापरण्यासाठीच बनवलेले, 'वाय' वर्गाचे कंडेन्सर घालावेत, तीन तारांची वायर आणि फ्यूज बसवावा. यात काटकसर नको.

पण डब्याला अर्थिंग दिलं की एक नवा धोका उभा राहतो, आणि तो जास्त गंभीर आहे. आपल्याकडे एसी-डीसी संच पुष्कळ विकले गेले. त्यात ट्रान्सफॉर्मर नसतो; चॅसीच मेन्सच्या एका तारेला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की सगळी चॅसी २३० व्होल्टवर. अशा चॅसीला अर्थ केलेल्या जनरेटरची तार जोडली तर निदान फ्यूज तरी जातो, आणि माणसाचा एक हात इकडे नि एक तिकडे असेल तर फ्यूजवर निभावत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. व्हॉल्व्हच्या नावाची सुरुवात 'यू'ने होत असेल, जसं यूसीएच ४२, यूएल ४१, यूवाय ४१, तर संच त्या जातीचा धरावा आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय त्याला हात लावू नये. सिग्नलच्या टोकाला ६३० व्होल्ट सोसणारा कंडेन्सरही असावा. तो नसताना कोणीतरी ते टोक व्हॉल्व्हच्या प्लेटला लावतं आणि अटेन्युएटरमधला रोधक जळतो. जुन्या यंत्रांत हा घाव फार आढळतो.

यानंतर डायल. डायलवर ४५५ दिसतं, प्रत्यक्षात बाहेर पडत असतं ४४८. काही लोक लगेच फ्रिक्वेन्सी काउंटर जोडतात, आणि तो उत्तम उपायही आहे. पण काउंटर नसताना आकाशवाणीच्या मदतीने डायल तपासता येतो, ते मला अधिक मौजेचं वाटतं. १९७५ च्या जिनिव्हा परिषदेत ठरलं आणि २३ नोव्हेंबर १९७८ पासून अमलात आलं, त्यानुसार युरोप, आफ्रिका आणि आशियातली मध्यम लहरींची केंद्रं ९ च्या पटीतल्या आकड्यांवर बसवली गेली. म्हणून पुणे ७९२, मुंबई ५५८ आणि १०४४, मुंबईची विविध भारती ११८८, सांगली १२५१. नियमानुसार केंद्राची लहर आपल्या आकड्यापासून दहा हर्ट्झच्या पलीकडे सरकू नये. म्हणजे हवेत फुकटची, अतिशय काटेकोर मापं टांगलेली आहेत.

वापरायची अशी. दुकानी जनरेटर शुद्ध लहर देत नाहीत. मूळ आकड्याची दुप्पट, तिप्पटही त्यातून निघते. एरवी हा दोष, इथे गुण. खिशातल्या ट्रान्झिस्टरवर पुणे ७९२ लावावं, जनरेटरचा 'टूं' बंद करावा आणि त्याचा डायल ३९६ च्या आसपास हळू फिरवावा. ३९६ ची दुप्पट ७९२. निवेदनावर शिट्टी ऐकू येते, ती खाली खाली उतरते, घरघर होते, मग नुसती फडफड, आणि एका जागी शांतता. तिथे पेन्सिलीने खूण करावी. आता डायल न हलवता ट्रान्झिस्टर ११८८ वर न्यावा. ३९६ ची तिप्पट ११८८, तिथेही शांतताच मिळायला हवी. दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात, म्हणून खूण पक्की. मग १०४४ वरून ५२२ ची खूण मिळते आणि १२५१ वरून, तिपटीच्या वाटेने, ४१७ ची. ४५५ या खुणांच्या मधे येतं, आणि डायलची चूक किती ते आलेखाच्या कागदावर सरळ वाचता येतं. जे केंद्र ऐकू येत असेल ते घ्यावं, गणित तेच.

काउंटर जोडायचाच असेल तर तो थेट आंदोलकाला जोडू नये. त्याच्या ओझ्याने आकडा सरकतो. मधे एक छोटा बफर लागतो. आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वापरला गेलेला बीएफडब्ल्यू १० हा फेट त्याला पुरतो. आणि काउंटर पत्र्याच्या वेगळ्या डबीत ठेवावा, कारण तो स्वतःच सतत बारीक गोंगाट करत असतो.

तिसरा दोष गळतीचा, आणि माझ्या अनुभवात सर्वांत दुर्लक्षित. अटेन्युएटर शून्यावर आणला, वायर काढून टाकली, तरी शेजारच्या ट्रान्झिस्टरवर 'टूं' ऐकू येतो. म्हणजे सिग्नल ठरवलेल्या वाटेने न जाता डब्याच्या फटींतून आणि मेन्सच्या वायरीवरून बाहेर पडतो आहे. मग 'एक मायक्रोव्होल्ट'ला अर्थ राहत नाही. उपाय बहुतांशी झाडलोटीचा आहे. झाकणाच्या कडांवरचा रंग आणि गंज खरवडून पत्र्याला पत्रा भिडवायचा, गहाळ झालेले सगळे स्क्रू परत लावायचे, साध्या तारेऐवजी कोअॅक्सिअल केबल वापरायची. एका जनरेटरला चौदांपैकी पाचच स्क्रू होते. बाकीचे लावल्यावर त्याची गळती इतकी घटली की दुसरं काही करावं लागलं नाही.

जनरेटर तापेपर्यंत त्याची लहर सरकत राहते, म्हणून अर्धा तास आधी चालू करावा. व्होल्टेज वर-खाली होणाऱ्या गावात आतल्या पुरवठ्याला ओए२ हा १५० व्होल्टचा स्थिरकारक व्हॉल्व्ह बसवला तर बराच फरक पडतो. गळके कागदी आणि वाळलेले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलावेत. एवढ्यावर थांबावं. कॉइलीवरचं मेण पुसू नये, गँगची पानं वाकवू नयेत, आंदोलकाचा व्हॉल्व्ह चालत असेल तर 'नवा घालून बघू' म्हणू नये. जुन्या वस्तूला कोरी करण्याच्या हौसेत तिची मापं जातात, आणि मापं गेलेला जनरेटर म्हणजे दिवा लागणारा डबा.

एवढं झालं की प्रत्यक्ष जुळणीला तासभर पुरतो. संचाचा आयएफचा आकडा आधी शोधावा. कधी मागच्या पुठ्ठ्यावर किंवा आत चिकटवलेल्या आकृतीवर तो असतो. स्पीकरवर मीटर लावावा, कारण डोळ्याला जे दिसतं ते कानाला निसटतं. जनरेटर मिक्सर व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडून, शेवटच्या आयएफटीपासून पहिलीकडे येत प्रत्येक गाभा शिखरावर आणावा. मीटर चढत जातो तसतसा सिग्नल कमी करत जावा. ही एक सवय लावून घेतली की निम्मं काम झालं. पातं लोखंडाचं नको, त्याच्या सान्निध्यानेच कॉइल बदलते. प्लॅस्टिकची विणकामाची सुई घासून चपटी केली की छान हत्यार होतं. जुने मेकॅनिक बांबूची कामटी वापरत.

मग जनरेटर एरियलच्या जागी आणावा. मधे सुमारे २०० पिकोफॅरडचा कंडेन्सर असावा, म्हणजे रेडिओला खरं एरियलच जोडल्यासारखं वाटतं. ६०० वर पॅडर, १४०० वर ट्रिमर. एकाला हात लावला की दुसरा थोडा बिघडतो, म्हणून तीन-चार फेऱ्या होतात. इथे घाई करणारे पहिल्या फेरीत थांबतात, आणि मग पट्टीच्या मधल्या भागात स्टेशनं मरतात. लघुलहरींवर एकच सिग्नल दोन जागी सापडतो. सेटमधली लहर वर ठेवायची असल्यामुळे ट्रिमर उघडताना लागणारी, म्हणजे कमी क्षमतेची जागा खरी. शेवटी प्रत्येक ट्रिमरवर मधमाशीच्या मेणाचा थेंब.

स्वस्त चिनी डिजिटल जनरेटर असताना एवढा खटाटोप कशाला, असं तरुण मित्र विचारतात. त्यांचा आकडा बिनचूक असतो, हे मान्यच आहे. पण त्यातल्या बहुतेकांना मोजका मायक्रोव्होल्ट देणारा अटेन्युएटर नसतो आणि अंगावर पत्र्याचं चिलखत नसतं. आकडा अचूक असलेलं पण ओरडणारं खोटं स्टेशन एव्हीसीला जागं करतं, आणि आपण पुन्हा कानाच्या भरवशावर येतो. चिनी पट्टीचा आकडा आणि जुन्या यंत्राचा अटेन्युएटर असा संसार मात्र चांगला जमतो.

एक गोष्ट लवकर करायला हवी. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीचे मध्यम लहरींचे बरेच प्रक्षेपक बंद झाले, आणि जी केंद्रं उरली आहेत ती एलईडी दिवे नि चार्जर यांच्या गोंगाटात दिवसेंदिवस बुडत चालली आहेत. हवेत टांगलेली मापं कमी होत आहेत. त्यांच्या जागी १ मेगाहर्ट्झचा स्फटिक घेऊन एका ७४९० चिपने त्याला दहाने भागलं, की दर १०० किलोहर्ट्झवर एक खूण मिळते. ६०० आणि १४०० तर आयतेच. स्फटिकही थोडा चुकतो, आणि ती चूक मोजायला पुन्हा एखादं स्टेशनच बरं. म्हणून ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी या हिवाळ्यातच, रात्री दूरची केंद्रं येत असताना, आपला डायल आणि स्फटिक दोन्ही तपासून घ्यावेत.

माझ्या जनरेटरच्या झाकणाच्या आत एक तक्ता चिकटवलेला आहे : डायलवरचा आकडा, खरा आकडा, कोणत्या केंद्रावरून तपासला, आणि तारीख. एकूण अकरा ओळी आहेत. त्यांतल्या चार ओळींसमोर बऱ्याच दिवसांत नवी तारीख पडलेली नाही.